वारशानं आलेली सेटिंग्ज

सकाळी अकराला पेपर स्वीकारल्याची मेल आली आणि दुपारी दोनला तिला चूक सापडली.

मधल्या वेळात लॅबनं केक कापला. आईनं फोनवर विचारलं, "संपलं ना गं एकदाचं तुझं शिक्षण?" ती म्हणाली, "संपलंच समज." मोठ्या परिषदेत पेपर लागल्याशिवाय तिचे मार्गदर्शक सर प्रबंधाला हात लावू देत नसत, आणि पीएचडीच्या मुदतीतलं तिचं हे सहावं, शेवटचं वर्ष होतं.

प्रोसेसरला पुढे कोणती माहिती लागेल याचा अंदाज बांधून ती आधीच जवळ आणून ठेवायची, हा तिच्या संशोधनाचा विषय. तिचं डिझाइन सिम्युलेटरवर नेहमीच्या डिझाइनपेक्षा वीस टक्के वेगवान ठरलं होतं. त्या नेहमीच्या डिझाइनच्या सेटिंग्जची फाइल तिला सीनियरनं दिली होती, त्याला त्याच्या सीनियरनं. लॅबमध्ये सगळं तपासलं जाई, ती फाइल सोडून. सारख्या शंका काढते म्हणून सगळे तिला शंकासुर म्हणत. पण तिनंही ती फाइल कधी वाचली नव्हती. आज आलेख नव्यानं काढताना वाचली. नेहमीच्या डिझाइनमधला अंदाज बांधणारा भाग बंद होता. इतकी वर्षं ती पाय बांधलेल्या माणसाशी शर्यत लावत होती. तो भाग सुरू करून तिनं चाचणी पुन्हा चालवली. वीस टक्क्यांतला एकही धड उरला नाही.

सरांनी स्क्रीनवरून नजर न काढता ऐकून घेतलं.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"शहाणी आहेस. पेपर मागे घे. चूक तुझी होती, असं लिही."

"माझी? सर, फाइल लॅबची आहे. आधीच्या तिघांचे प्रबंध त्याच फाइलवर..."

"ते तिघं नोकरीला लागले, संसाराला लागले. त्यांना कशाला खड्ड्यात ओढतेस? तुझं काय जायचंय?"

"पदवी, सर."

"मुदतवाढीची शिफारस करतो. माझ्या सहीशिवाय ती मिळत नाही, एवढं लक्षात ठेव." मग ते हसले. "काय गं शंकासुर, नेमकी हीच शंका नाही आली तुला?"

"तुम्हाला आली होती का, सर?"

त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"जाताना दार लावून घे."

सरांनी सांगितलं तसं तिनं लिहिलं आणि पाठवून दिलं.

शुक्रवारच्या बैठकीत सरांनी तिला फळ्यापाशी उभं केलं आणि चूक तिच्याच तोंडून सगळ्यांना समजावून द्यायला लावली. "आणखी सोपं करून सांग," ते मध्येच म्हणाले. "नव्या पोरांना कळू दे, निष्काळजीपणा म्हणजे काय ते." तिनं आणखी सोपं करून सांगितलं. आधीच्या प्रबंधांबद्दल कुणी विचारलं नाही. बैठक संपल्यावर कुणी तिच्याशी बोललंही नाही.

सर सध्या त्याच परिषदेला गेले आहेत. ज्या सत्रात ती बोलणार होती, त्याचे ते अध्यक्ष आहेत. तिची वीस मिनिटं चहापानाला दिली आहेत. मुदतवाढीची शिफारस कार्यालयात पोहोचलेली नाही.