काऊन दिसले नाई?

हरिदास नगराळे एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचत फिरले. पिपरी मेघे, सिंदी मेघे, इकडे वर्धा शहर. कुठल्या घरचा मीटर जिन्याखाली आहे आणि कुठल्या घरचा कुत्रा न भुंकता चावतो, हे त्यांना रिटायर झाल्यावरही पाठ होतं. मीटरवाल्याची वाट कोणी पाहत नाही. तरी तो दर महिन्याला जातो, आणि गिऱ्हाईक काही सोडून जात नाही. म्हणून मुलीचा धंदा त्यांच्या डोक्यात शिरत नव्हता. तिचं गिऱ्हाईक दर महिन्याला सोडून जायचं.

मेघा आणि तिचा कॉलेजातला मित्र अश्वजित वरच्या खोलीत बसून एक ऑनलाइन गेम चालवायचे. गेमचं नाव 'पांदण'. मोबाइलवर एक गाव. त्या गावात खरोखरची माणसं येऊन आपापलं वावर, म्हणजे शेत, घ्यायची, कोणी यवतमाळचं, कोणी भंडाऱ्याचं, कोणी पुण्यात नोकरी करणारं. वीस-वीस जणांचा एक गट. गटानं मिळून विहीर खणायची, बाजार भरवायचा, पिकात रानडुकरं घुसली की हाकलायची. वर्गणी महिन्याला एकोणपन्नास रुपये.

"डुकरं हाकलाले लोक पैसे देऊन राह्यले?" हरिदासांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं. "माह्या मावसभावाले सांग मंग. थो फुकटात हाकलून राह्यला अन् वरून रडून राह्यला."

सुरुवातीला लोक धडाधड आले. वर्षभरात दीड हजारावर गेले. मग गळती लागली. महिन्याला तीनशे नवे यायचे आणि साडेतीनशे जुने जायचे. मेघानं नवा ट्रॅक्टर आणला, रंगीत शिंगांचे बैल आणले, पहिल्या दिवशी येणाऱ्याला बक्षीस ठेवलं. लोक बक्षीस घ्यायचे, बैल पाहायचे आणि निघून जायचे.

"आणणं सोपं हाय बाबा," मेघा म्हणायची. "टिकवणं कठीण. मोठ्या मोठ्या कंपन्यांचं हेच रडगाणं हाय."

मग एक दिवस जेवताना तिनं सांगून टाकलं. पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं होतं. नोकरी चांगली होती. "हा एक महिना पाहतो. तीस तारखेले साऱ्यांची वर्गणी संपते, संध्याकाळी सहा वाजता आकडा निघते. शंभराच्या आत लोक सोडून गेले तं मी इथंच. नाई तं एक तारखेले पुणे."

"बरं," हरिदास म्हणाले, आणि वरण वाढून घेतलं.

त्यांच्या बायकोला, कांताला, जाऊन चौदा महिने झाले होते. तिच्या चपला जिन्याच्या पहिल्या पायरीवर होत्या तशाच होत्या. हरिदास रोज झाडायचे, पण चपलांच्या भोवतीनं झाडायचे. घरात माणसं दोन उरली होती. त्यातलं एक गेलं की किती उरतं, हे काढायला मीटर लागत नाही. पण पोरीला अडवायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मदत करायला मात्र कोणी मना केलं नव्हतं.

"मले काही काम दे," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले.

मेघानं सोडून गेलेल्या बारा जणांचे नंबर कागदावर लिहून दिले. "फोन करा अन् फक्त इतकंच पुसा, काऊन सोडलं."

हरिदास तयार होऊन, केस विंचरून फोनला बसले. पहिल्यानं "लोन नको" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्यानंही. तिसऱ्याला त्यांनी आधीच सांगितलं, "मी लोनवाला नाई, मी मीटरवाला हाय," तर तो म्हणाला, "बिल भरलं ना साहेब परवा!" आणि पावतीचा नंबर वाचून दाखवू लागला. अकरा फोन असेच गेले.

बारावा फोन तळेगावला लागला. गेममधलं नाव होतं वाघीण. फोनवर बाईमाणूस होतं, आणि मागे तेल कढत असल्याचा आवाज.

"गेम काऊन सोडला म्हणता? आता पुसता होय? महिना झाला सोडून!"

"हो, थोडा उशीरच झाला, बाई."

"फोनवर काय सांगू तुमाले? एवढीच काळजी असन तं या इकडे तळेगावले. समोर बसवून सांगीन. भजे खाऊ घालीन वरून!"

फोन धाडकन बंद झाला. दुसरं कोणी असतं तर समजून घेतलं असतं की बाई चिडल्या आहेत. पण हरिदास एकतीस वर्षं लोकांच्या घरी जाण्यातच जगले होते. या म्हटलं म्हणजे जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आर्वीला बस बदलली आणि साडेअकराला तळेगाव श्यामजी पंतच्या स्टँडवर उतरले. तेलाचा वास घेत घेत तिसऱ्या टपरीवर पोहोचले.

"वाघीण इथंच राह्यते का?"

झारा हातात घेतलेली एक दणकट बाई वळली. साठीच्या जवळपासची. कपाळाला पीठ लागलेलं. "कोण वाघीण?"

"तुमी काल या म्हटलं. मी सिंदी मेघेहून आलो. गेमवाल्या मेघाचा बाप."

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग इतक्या जोरात हसल्या की बाकावरचं गिऱ्हाईक दचकलं. "अवो, मी रागानं म्हटलं! अन् तुमी दोन बशी बदलून आले?"

"भजेही म्हटले होते तुमी," हरिदास म्हणाले.

त्यांचं नाव यशोदाबाई मडावी. भाचीनं त्यांच्या मोबाइलवर गेम टाकून दिला होता. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की त्या खेळायच्या. तूर लावलेली, गटात सगळ्यात चांगली. डुकरं हाकलण्यात तर त्यांचा हात कोणी धरत नव्हतं, म्हणून नाव वाघीण. त्यांनी गरम आलूभज्यांची प्लेट हरिदासांसमोर ठेवली, स्वतः समोर बसल्या आणि सांगू लागल्या.

"माही नणद वारली. दहा दिवस मी मोबाइलले हात नाई लावला. परत येऊन पाह्यतो तं माही तूर सारी डुकरानं खाल्लेली. अन् गटातून मले काढून टाकलं! वर लिहून आलं, तुमचं पुन्हा स्वागत हाय, घ्या पन्नास मोहरा." त्यांनी नाक मुरडलं. "मले काय करा लागते मोहरा? एकोणीस जण होते गटात. रोज संग डुकरं हाकलत होतो. एकानं पुसलं नाई, वाघीण, काऊन दिसली नाई? मंग मी म्हटलं, जिथं आपण नसलो तं कोणाले फरकच पडत नाई, थिथं कायले जा?"

हरिदासांच्या हातातलं भजं तसंच राहिलं.

"थंडे होऊन राह्यले, खा ना."

त्यांनी खाल्लं. निघताना आपला पत्ताही सांगून ठेवला, सिंदी मेघे, पाण्याच्या टाकीमागे, नगराळे मीटरवाले म्हणून कोणालाही विचारा. परतीच्या बसमध्ये त्यांना कांता आठवत होती. रडू येईल अशी नव्हे. कामाची आठवण झाल्यासारखी.

घरी आल्याआल्या ते वर गेले. "थोडे दिवस नाई आलं तं माणसाले गटातून काढते, हा नियम कोणाचा?"

"माहा," मेघा म्हणाली. "सगळ्याच गेममध्ये राह्यते बाबा. न येणाऱ्यामुळं गटाचे गुण कमी होते. बाकीचे चिडते."

"थे चुकीचं हाय."

"बाबा, हा गेम हाय, आईचा बुद्धविहार नाई."

"विहाराचंच सांगतो," हरिदास खाली बसले. "वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, रोज चार वाजता ग्रंथाचं वाचन. घरचं काम, वावराचं काम, वरून पाऊस. पन्नास बाया पहिल्या दिवशी आल्या, थ्या शेवटच्या दिवसापरेंत पन्नासच. कशा? तुही आई हजेरी नाई घेत होती. दारातल्या चपला पाहात होती. हिरव्या पट्ट्याच्या दिसत नाई, म्हणजे शेंदऱ्यांची सून नाई आली. वाचन झालं की घरी न येता सरळ तिच्या दारात. काऊन वो, दिसली नाई? बस एवढंच. कोणाचं पोरगं बिमार असलं तं तिच्या घरी भाकरी टाकून दे. कोणाचं भांडण असलं तं ऐकून घे. दुसऱ्या दिवशी चपला जागेवर."

अश्वजित खुर्ची फिरवून ऐकत होता. मेघाला त्या चपला माहीत होत्या. लहानपणी आईसोबत ती दारातच बसायची.

"अन् तुमी?" ती म्हणाली. "तुमच्या चपला कुठी हाय विहारात? त्या बाया तुमच्यासाठी चारदा येऊन गेल्या. तुमी आतून सांगता, डोकं दुखते."

हरिदास उठले. "भज्यानं ॲसिडिटी झाली," म्हणाले आणि खाली गेले.

आठ दिवस वरच्या खोलीतून फक्त कीबोर्डचा आवाज येत होता. नवव्या दिवशी मेघानं त्यांच्या हातात मोबाइल दिला. गेममधल्या गावात आता एक चावडी होती. चावडीच्या दारात चपलांची रांग. प्रत्येकाच्या आपापल्या, निवडून घेतलेल्या. जो एक दिवस आला नाही त्याच्या चपलांची जागा रिकामी दिसायची. त्या रिकाम्या जागेला बोट लावलं की त्या माणसाला हाक जायची, 'काऊन दिसले नाई?' त्याचं वावर मग गटातले बाकीचे पाळीपाळीनं राखायचे. कोणाला काढून टाकायचं नाही, आधी काढलेल्यांनाही त्यांची जागा परत. आणि कितीही दिवसांनी परत आला तरी पीक उभं.

"बैल अन् ट्रॅक्टर काढून टाकले," अश्वजित म्हणाला. "काका, चार महिने आम्ही बैलांची शिंगं रंगवण्यात घातले."

पहिली हाक वाघिणीला गेली, हरिदासांनीच टाकली. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'आली वो. भजे तळून राह्यली होती.' यशोदाबाईंनी हरिदासांना आपल्या गटात ओढून घेतलं. त्यांनी नाव घेतलं मीटरवाला. डुक्कर आलं की ते दुसऱ्याच्या वावरात पळायचे आणि शिव्या खायचे. "मीटरवाले, उजव्या हातानं! उजवा कोणता थेही सांगू का?" दुपारी दोन ते चार ते एकटेच मोबाइलसमोर बसून हसायचे. चौदा महिन्यांत मेघानं तो आवाज ऐकला नव्हता.

पण तारीख जवळ येऊ लागली तशी त्यांना धाकधूक वाटू लागली. गेम उघडला की नजर चपलांकडे जायची. एक जागा रिकामी दिसली तरी ते मोबाइल पालथा ठेवायचे. सव्वीस तारखेला त्यांनी मोबाइल तांदळाच्या कोठीत टाकला आणि झाकण लावलं. कोठी दोन दिवस गुरगुरत राहिली. मेघाला वाटलं उंदीर शिरला. मग बॅटरी संपली असावी.

तीस तारखेला दुपारी तीन वाजता दार वाजलं. हरिदासांनी उघडलं. समोर यशोदाबाई, हातात तेलकट पिशवी. मागे गटातल्या आणखी तीन बाया, घामाघूम.

"चार दिवस झाले!" यशोदाबाई दारातच कडाडल्या. "एकोणीस जणांनं हाका टाकल्या. चौऱ्याहत्तर हाका! तुमच्या वावरात रोज कोण जागून राह्यलं? ही आर्वीची मंगला. काऊन दिसले नाई?"

"डोकं दुखत होतं," हरिदास म्हणाले.

"दुखत होतं तं फोन करा! आमी इकडं मेला म्हणून आलो अन् हे पाह्य, दाढी करून उभे हाय!"

मेघा जिन्यावरून धावत खाली आली. आधी तिला दारातल्या चपला दिसल्या, चार जोड, एकावर एक. मग बाया. मग बापाचा चेहरा. ती तिथेच पायरीवर बसली, आईच्या चपलांच्या शेजारी, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

त्यांना कोणी जाऊ दिलं नाही. चहा झाला, थंड भजे तव्यावर गरम झाले. सहा वाजायला आले तसे सगळे वरच्या खोलीत अश्वजितच्या मागे गर्दी करून उभे राहिले. बायांना पडद्यावरचं काही समजत नव्हतं, तरी सगळ्या वाकून पाहत होत्या. सहा वाजले.

"एकसष्ट," अश्वजित म्हणाला.

"कमी हाय का जास्त हाय?" मंगलानं विचारलं.

"साडेतीनशे जात होते वो बाई! एकसष्ट!" हरिदास एवढ्यानं ओरडले की खाली कुत्रा भुंकला. मेघानं तिथेच पुण्याला फोन लावला, धन्यवाद म्हटलं, आणि नाही म्हटलं. यशोदाबाईंनी अश्वजितच्या पाठीत आनंदानं अशी थाप घातली की त्याचा चष्मा कीबोर्डवर पडला.

मग एकच घाई झाली, कारण शेवटची बस. चौघी दारात चपला घालू लागल्या. यशोदाबाईंनी जोर लावला आणि त्यांच्या चपलेचा अंगठा तटकन तुटला. "गेली! आता तळेगावपरेंत अनवाणी."

हरिदास वळले, जिन्याच्या पहिल्या पायरीवरचा जोड उचलला, फडक्यानं धूळ पुसली आणि त्यांच्या पुढे ठेवला. "ह्या घाला."

"अन् घरी कोणाले लागन तं?"

"घरी मी अन् मेघा. तिच्या पायाले लहान होते."

यशोदाबाईंनी पाय घातले. थोड्या घट्ट होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, आणि चौघी टाकीच्या कोपऱ्यावरून बसकडे पळाल्या.

आठ वाजता मेघा खाली जेवायला आली. पायरीजवळ थबकली. "बाबा, आईच्या चपला कुठी गेल्या?"

"तळेगावले गेल्या," हरिदास कोठीत हात घालून मोबाइल शोधत म्हणाले. "वाढ लवकर. उद्या रविवार हाय, मले सकाळी विहारात जा लागते."