उतरलं ते माझ्यात

मी लेखकाच्या टेबलाखालचा पत्र्याचा डबा बोलतोय. कचऱ्याचा डबा म्हणा, त्यात लाजायचं काय? आधी माझ्यात बिस्किटं असायची. झाकण हरवलं, तसा टेबलाखाली आलो. शाळा माहीत नाही. चार अक्षरं शिकलो, तीही चुरगळलेली.

छत्तीस वर्षं लेखकानं खोडलेलं सगळं मी गिळलं. एकेका पानाचे तीस-तीस बोळे! दुपारी मला मागच्या अंगणात नेऊन तो स्वतः काडी लावायचा. बूड काळं ठिक्कर पडलं माझं. आणि पाहुणे आले की चहा ढवळत म्हणायचा, "मी कुठं लिहिलं? एका बैठकीत उतरलं."

उतरलं म्हणे! उतरलं ते माझ्यात.

पाहुण्यांना फसवलंन, ते एक वेळ सोडा. पोटच्या पोरीनं भीतभीत पहिली गोष्ट दाखवली, तर तिलाही हेच. "बाळ, घासून भांडी लखलखतात. लिहिणं उपजत लागतं." पोरीनं वही मिटली. वीस वर्षं उघडली नाही.

मग तो मेला. खोलीला कुलूप लागलं. मी रिकामा, राखसुद्धा नव्हती माझ्यात. चौथ्या दिवशी भर दुपारी, पंखा बंद, खिडकी बंद, आणि टप्. बोळा पडला. मग दुसरा, तिसरा. चुरगळलेला कागद गप्प राहत नाही, हळूहळू उलगडत कुरकुरतो. तसे ते कुरकुरू लागले.

त्याच दुपारी खोली आवरायला मुलगी आली, सोबत तिची आत्या.

"आत्या, डब्यात उंदीर आहे गं!"

"मग ओत की बाहेर. बघत काय बसलीस?"

बोळे घरंगळले. मुलीनं एकेक उलगडला. "बाळ, मला उपजत काहीच नव्हतं." खोडलेलं. "बाळ, मी तुला खोटं." खोडलेलं. "बाळ, वही."

"जुने असतील," आत्या म्हणाली.

"शाई बोटाला लागतेय, आत्या."

आत्यानं स्वतः बोट लावून पाहिलं. "मेला तरी खाडाखोड सुटली नाही याची! साध्या पत्राला चार दिवस घ्यायचा."

मुलगी हसली, रडली, आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन टेबलाशी बसली.

आता मी रोज भरतो. तिचा एक बोळा पडला की मागून आणखी एक पडतो, तिनं न टाकलेला. ती मागं वळून बघत नाही. काल तिचाच बोळा माझ्यात उलगडला. एक शब्द खोडलेला होता, वर दुसरा लिहिलेला. अक्षर तिचं नव्हतं.

मागणं एकच. मला पुन्हा काडी लावू नका. त्यानं जाळलं, म्हणून तर त्याला मेल्यावर पहिल्यापासून लिहावं लागतंय.