म्हशीची खाज

पवनचक्की बसवायच्या आधी त्या जागेचा वारा मोजावा लागतो, म्हणून करडीच्या शिवारात एक उंच खांब उभा केला होता. त्याच्या चारी बाजूंच्या तारा ताणून ठेवायचं काम मोहाडीच्या रंजिताकडे होतं. मे महिन्याच्या भर उन्हात ती पोचली, तर तार पुन्हा ढिली झालेली, आणि तिला अंग घासत शेजारच्या शेतातल्या बायाबाईची म्हैस उभी. वर वारा मोजणाऱ्या वाट्या हिसके खात होत्या.

रंजिताने म्हशीला हाकललं, ढेकळं मारली. शेवटी बाभळीचे काटे आणून तारेला बांधले. म्हशीला ते आणखीच आवडले.

"मावशी, बांधून काहून नाही ठेवत हिले?" रंजिता कडाडली.

"उन्हाळ्यात कोन ढोरं बांधते, बाई?" पळसाच्या सावलीत बसलेली बायाबाई म्हणाली. "तिले खाज सुटली, त ते का करन?"

रंजिताचं डोकंच फिरलं. शेताच्या धुऱ्यावरची तुराटीची काठी उचलून ती म्हशीवर धावली. म्हशीने निवांत मान पुढे केली. उगारलेला हात तसाच राहिला, आणि मग हताश होऊन रंजिता तिची मान खरखरा खाजवू लागली. म्हशीने डोळे मिटले. तार हलायची थांबली.

ऊन उतरल्यावर दोघींनी तारेपासून लांब एक बाभळीचा ओंडका गाडला. म्हशीने तो हुंगला, आणि परत येऊन रंजितासमोर मान वाकवून उभी राहिली.