पाठीवरचे शिक्के

मित्रांनो, मी एक जुना छापील कागद आहे. माझ्यावर धारूरच्या किल्ल्याचं चित्र आहे. दीडशे वर्षं उलटून गेली, तरी माझी भीती काही गेलेली नाही.

माझा जन्मही धाकातच झाला. एका इंग्रज साहेबानं तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर दिला आणि त्यावर सुईनं किल्ल्याचा दरवाजा काढला, खाली घोंगडी पांघरलेला एक मेंढपाळ काढला. मग पत्रा तेजाबात बुडवला. सुईनं मेण खरवडलं होतं तिथं तिथं तेजाबानं तांबं खाल्लं. त्या खाचांत शाई भरली, वर मला ओलसर करून ठेवलं आणि लोखंडी रुळाखालून दाबून काढलं. मला वाटलं, आता फाटलो! पण माझ्या अंगावर किल्ला उमटला होता. साहेबानं खालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीनं सही केली.

लंडनच्या एका प्रदर्शनात मला इतकं उंच टांगलं, की लोक मान वर करून कंटाळायचे. तिथं एका हौशी म्हाताऱ्यानं मला विकत घेतलं आणि पाठीवर स्वतःचा गोल शिक्का मारला. तो वारल्यावर मी हैद्राबादच्या एका नवाबाकडे आलो. त्यांनी निळा उर्दू शिक्का मारला, शेजारी त्यांच्या संग्रहातला २१४ हा क्रमांक टाकला. त्यांच्या हवेलीतल्या प्रदर्शनात लोक माझ्यापुढं थांबून "वाहवा" म्हणायचे. पण मालक गेला, की मला धडकी भरायची. आता पेटीत जाणार, की चुलीत?

निजामाचं राज्य गेलं, नवाबांचं सामान विकायला निघालं. तिथं धारूरचे त्रिंबकराव वकील आले होते. मला पाहून ते मोठ्यानं म्हणाले, "आरं, ही तर आमच्या गावची वेस हाय!" त्यांनी मला घरी नेलं, गावच्या शाळेत नेऊन पोरांना दाखवलं. त्यांच्यामागं मात्र मी लोखंडी पेटीत पडलो. अंधारात कसर माझ्या कडेला कुरतडायची. तिचा बारीक आवाज मला ऐकू यायचा आणि हलताही यायचं नाही.

गेल्या वर्षी पेटी उघडली. त्रिंबकरावांचे नातू अमरसिंह आता मोठे पुढारी आहेत. त्यांच्याकडे मोठा पाहुणा येणार होता, त्याच्या सत्कारात मला द्यायचं ठरलं. ड्रायव्हर मला परळीला बंकट फ्रेमवाल्याच्या दुकानात घेऊन आला.

"तयार फ्रेम हाय, पण कागद मोठा हाय," बंकट म्हणाला. "चारी कडा छाटतो अन् प्लायवूडला चिकटवून टाकतो."

प्लायवूडवर गोंद पसरला होता. लोखंडी पट्टी माझ्या अंगावर दाबली गेली. कटर खालच्या कडेवरून सरकलं आणि साहेबाची सही फरशीवर पडली. मित्रांनो, तेव्हा मला ओरडता आलं असतं तर!

बंकटची बायको मोहिनी काचा पुसत होती. तिनं सहीची पट्टी उचलली, मग मला उलटं केलं.

"अवं, थांबा! ह्याच्या पाठीवर शिक्के हायत. मराठीत बी लिवलंय."

"असंल कायबी. गाडी हुबी हाय बाहीर, चार वाजता सत्कार हाय. काहून थांबलीस?"

"गोंदात गेलं तर पुन्हा कुणाला दिसायचं न्हाई."

बंकट "गिऱ्हाईक जाईल" म्हणत राहिला. तिनं ड्रायव्हरकडून फोन मागून घेतला आणि अमरसिंहांना बोलावलं. परळीतल्या सत्काराची तयारी सोडून ते चिडूनच आले.

"ताई, तुमाला फ्रेम कराया दिलं, का वाचाया?"

मोहिनीनं मला उलटं करून त्यांच्यापुढं धरलं. पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'माझं गाव हैद्राबादेत सापडलं. त्रिंबक.'

अमरसिंहांनी त्या ओळीखालून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "आजोबाचं अक्षर हाय. ह्याच हातानं मला ग म भ न गिरवाया शिकीवलं." ड्रायव्हरला म्हणाले, "पाव्हण्याला शाल घ्या एखांदी. हे न्हाई द्यायचं."

मोहिनीनं तुटलेली पट्टी माझ्या पायाशी जुळवून ठेवली आणि पुढं-मागं दोन्हीकडून काच लावली. "उन्हात ठिवू नका, साहेब," तिनं बजावलं.

आता मी धारूरला अमरसिंहांच्या कचेरीत आहे. दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून मला खिडकीपाशी साखळीनं टांगलंय. लोक येतात, किल्ला बघतात, फिरून शिक्के बघतात. खिडकीला पडदाही आहे, पण तो ओढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. दुपारी तीनला ऊन आत येतं आणि सावकाश माझ्या पाठीवर चढतं. माझा कागद पिवळा पडतोय. नवाबांच्या शिक्क्याची निळी शाई उडत चाललीय. २१४ मधला चार आता ओळखू येत नाही.

मित्रांनो, कुठल्या तरी कामासाठी तुम्ही या कचेरीत याल. पावणेतीन वाजले असतील, तर बसण्याआधी तेवढा पडदा ओढा.