इंद्रजितच्या हातावरची हळद

वणीजवळच्या खाणकामगारांच्या वस्तीत रविवारी सकाळी नऊलाच मंडपात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. वस्तीतली पोरं तापानं फणफणत होती. नळाची फुटकी पाइप नालीतून जाते हे कुणी बघायच्या आधीच घनश्याम महाराजांनी निदान करून टाकलं होतं: वस्तीतल्याच कुणीतरी करणी केली आहे. "हळद म्हणजे साक्षात माता," महाराज माइकवरून सांगत होते. "पाप्याच्या हातावर तिचं रक्त होते. कोर्टात साक्षीदार फुटते, हळद फुटत नाही." लोक माना डोलवत होते.

मथुराबाई शेवटच्या रांगेत डोक्यावरून पदर ओढून बसली होती. घरी रोज पंचशील म्हणणारी बाई ती, इथं कुणी ओळखू नये म्हणून जीव मुठीत धरून होती. पण नातीचा ताप चार दिवस उतरत नव्हता.

एकेक जण पुढं जाई. शिष्य तांब्यातलं पाणी हातावर ओती, महाराज ओल्या तळहातावर चिमूटभर हळद चोळत. पिवळा, पिवळा, पुन्हा पिवळा. मग महाराजांनी इंद्रजितकडे बोट दाखवलं.

इंद्रजित मथुराबाईचा भाडेकरू. सातव्या वर्षी बापाबरोबर बिहारातून आला, इथंच वाढला आणि आता मंडळांच्या स्टेजवर लोकांना हसवून पोट भरत होता. चिमटा असा काढी की हसणाऱ्याला तो घरी गेल्यावर दुखे. "रेशन कार्ड वणीचं, मूळव्याध वणीची," तो म्हणे, "तरी लोक इचारतात, गावी कवा चाल्ला?" आणि वर, "देवाले नारळ कोणाच्याबी हातचा चालते, खोलीसाठी मात्र आडनाव लागते." मागच्या महिन्यात त्यानं महाराजांनाही सोडलं नव्हतं. बाबाला सात पिढ्यांची भुतं दिसतात, पण मंडपातून चपला कोण नेतो ते दिसत नाही, असं तो स्टेजवरून बोलला होता.

शिष्यानं दुसरा तांब्या उचलला. हात धुऊन झाले, हळद चोळली, आणि इंद्रजितचा तळहात लालभडक झाला.

मंडपात एकच गलका उठला. हे आपल्यातल्या कुणाचं काम नव्हतंच, लोक म्हणू लागले. देवाधर्मावर जोक करणारा परका माणूस, आणखी काय करणार? इंद्रजित गर्दीत मथुराबाईला शोधत होता. याला खोली कुणी दिली, असं कुणीतरी ओरडून विचारलं. ती उठली, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या खोली खाली कर."

सोमवारी सकाळी त्याचं सामान ऑटोत चढत होतं, तेवढ्यात शेजारची बेबीताई लंगडत आली. मुरगळलेल्या पायाला अख्खी वस्ती मथुराबाईचाच लेप लावी. तिनं वाटीत हळद घेतली, चुना कालवला. लेप लाल झाला, चाळीस वर्षं होत आला तसाच.

बेबीताई वाटीकडे बघतच राहिली. "मथुराबाई, काल इंद्रजितच्या हातावर हाच रंग होता ना?"

मथुराबाई हळदीचा डबा उचलून तडक मंडपात गेली. करणी उतरवून घ्यायला माणसं आजही जमलीच होती. तिनं दोन्ही तळहातांवर हळद घेतली आणि शिष्याच्या हातून तांबे ओढून एकेका हातावर एकेक ओतला. डावा पिवळाच राहिला, उजवा लाल झाला.

"याच्यात चुन्याची निवळी हाय," ती म्हणाली. "चुना भिजवून वरचं पाणी काढलं का साध्या पाण्यावानी दिसते."

हे तिच्याच पापाचं फळ आहे, असं महाराज गरजले. तिनं दुसरा तांब्या त्यांच्यापुढं धरला आणि हात धुवा म्हणाली. महाराजांनी हात उपरण्यात लपवले. लंगडत मागं आलेल्या बेबीताईनं शिष्याचाच हात धरून धुतला, हळद चोळली. लाल. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. बाबानं आपल्याला फसवलं, असं जो तो दुसऱ्याला सांगू लागला. सगळ्यांना किती हलकं वाटत होतं.

मथुराबाई ऑटोकडे धावली. "सामान उतरव, बाबू."

इंद्रजितनं शांतपणे विचारलं, "मावशी, काल तुमाले समजलं नव्हतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. "समजलं होतं," ती म्हणाली. "पाह्यल्याबरोबर."

"मंग?"

"बोल्ली असती त मले धरलं असतं." मग उरलेलंही तिनं सांगून टाकलं. "आडनावाच्या त्या जोकवर सारे माह्याकडं पाहून हासले होते. खोली देतानी मीच तुले इचारलं होतं ना. काल तुहा हात लाल झाला, तवा मले बरं वाटलं."

ज्या बाईच्या बापाला लोक जात विचारून वरून पाणी वाढत, ती हे बोलत होती, आणि बोलताना तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. इंद्रजितनं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग तो ऑटोत बसला आणि यवतमाळला निघून गेला.

त्या मंडपातल्या कुणालाही रसायनशास्त्र शिकवायची गरज नव्हती. घरोघरी हळद होती, खिशाखिशात चुन्याची डबी होती आणि प्रत्येकानं कधी ना कधी हा लेप लावलेला होता. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला की आधी तांब्यातलं पाणी तपासा. आणि चमत्कारानं परका माणूस दोषी ठरवला, तर दोनदा तपासा, कारण त्या वेळी आपल्याला फसायचंच असतं.