शंभर पाट्यांचे यंत्र

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. भूम गावाजवळच्या एका शाळेत मी पाढे झेलले, बेरजा झेलल्या. पण एक दिवस मी एका यंत्राचा भाग झाले. त्या दिवसाची मला अजून भीती वाटते.

१९६४ साल होते. विज्ञान शिकवणाऱ्या प्रमोदिनीबाई एका गणकयंत्राचा आराखडा करत होत्या. एकच यंत्र चित्राचा एकेक चौकोन तपासत बसले तर फार वेळ जातो. त्याऐवजी शंभर साधी यंत्रे जवळजवळ मांडावीत. प्रत्येकाने आपला एकच चौकोन सांभाळावा, शेजाऱ्यांकडे पाहावे आणि सर्वांनी एकदमच उत्तर द्यावे, अशी त्यांची कल्पना होती. यंत्रे कुठली असणार? म्हणून मैदानात दहा रांगांत शंभर मुले बसली. प्रत्येकाच्या मांडीवर एक पाटी.

चित्र होते गौराबाईंच्या मुलीचे. गौराबाई शाळेत पाणी भरत. त्यांची सोजर पटकीच्या साथीत गेली होती. तिचा एकच फोटो उरला होता आणि ओलीने तिच्या तोंडाभोवती काळे डाग पडले होते. बाईंनी भिंगातून पाहून त्या भागाचे शंभर चौकोन पाडले. काळ्या चौकोनाच्या पाटीवर ठिपका, बाकीच्या कोऱ्या.

नियम एकच होता. सगळे शेजारी कोरे असतील, तर तुझा ठिपका हा डाग. तो पूस.

"शंभर पोरं गप बसली! बाई, तुमचं यंत्र हितंच पास झालं की वो," गौराबाई हसल्या.

घंटा झाली. माझ्यावर ठिपका होता आणि माझे चारही शेजारी कोरे होते. ओला फडका फिरला.

पाट्यांवर उरले तेवढेच ठेवून फोटोवाल्या रामलिंगअण्णांनी बाकीचे डाग ब्रशने झाकले. गौराबाईंनी फोटो उजेडात धरून पाहिला.

"डाग गेले, बाई. पर ही सोजर न्हाय."

"असं का म्हणता?"

"हनुवटीवरचं गोंदण कुठंय? म्या मांडीत धरून गोंदवलं हुतं. लई रडली हुती."

बाई खाली बसल्या. "मी डाग समजले, गौराबाई."

रामलिंगअण्णांनी ब्रश शाईत बुडवला. "सांगा, कुठं लावू?"

गौराबाईंनी बोट पुढे केले. "हितं. न्हाय, जरा खाली. का उजवीकडं?" बोट फोटोवर फिरत राहिले. कुठेच टेकेना.

सोजरचे गोंदण माझ्यावर होते. पण मी कितव्या रांगेत होते, हे मलाही माहीत नव्हते. मला फक्त चार शेजारी दिसत होते. आता तर आम्ही सगळ्या पाट्या एकावर एक रचलेल्या होतो.

बाईंनी आराखड्यात नवी ओळ लिहिली : मूळ चित्राची नक्कल आधी जपून ठेवावी. सोजरला त्याचा उपयोग नव्हता.

मित्रांनो, उद्या तुम्ही खरी यंत्रे कराल. ती माझ्याहून फार वेगाने पुसतील. एकटा ठिपका दिसला तर थांबा. ज्याचे चित्र आहे, त्याला आधी विचारा. गौराबाई तेव्हा दहा पावलांवर उभ्या होत्या.