लालीबुवाचं तेल

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक बाई दोन्ही हात वर करून उभी होती आणि तिची गुलाबी नखं बघायला मागचे लोक खुर्च्यांवर चढले होते. ती माझी ताई. चार पायऱ्या चढल्याने तिला धाप लागली होती, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

ताईची मूत्रपिंडं तीन वर्षांपासून अधू. त्यामुळे अंगात रक्त कमी. आम्ही दोघी एकाच शिवणखोलीत काम करतो. दोन बाह्या जोडल्या की ती मशीनवर डोकं टेकायची. दवाखान्यातल्या इंजेक्शनाने जरा बरं चाललं होतं. मग शेजारणीने तिला तेलाने रक्त वाढवतो म्हणणाऱ्या लालीबुवाकडे नेलं आणि ताईने दीड महिना इंजेक्शन घेतलं नाही. मी समजावलं, भांडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी.

"रक्त आटत नाही, मंडळी, रक्त रुसतं," लालीबुवा सांगत होता. "मी त्याची समजूत काढतो. सात दिवस या तेलात बोटं बुडवा. सुई नको, गोळी नको."

मला एका जागी उभं राहवेना. सारखी दाराकडे बघत होते. ताईला इंजेक्शन देणाऱ्या नर्सबाईंना मी सकाळीच गाठून सगळं सांगितलं होतं. त्या आल्या आणि थेट व्यासपीठावर गेल्या.

"सगळ्यांनी आपापलं नख दाबून सोडा," त्या म्हणाल्या. "काय दिसतं?"

"पांढरं पडतं," पुढच्या रांगेतला न्हावी म्हणाला. "मग परत गुलाबी."

"दाबलं की रक्त बाजूला सरतं, सोडलं की परत येतं. आता यांचं बघा."

त्यांनी ताईचं नख दाबलं. ते गुलाबीच राहिलं. मग स्पिरिटचा बोळा फिरवला. कापूस लाल झाला आणि खालून नख निघालं कागदासारखं फिकट. शेवटी त्यांनी ताईची खालची पापणी ओढून दाखवली.

"इथे तेल लावता येत नाही, म्हणून इथे लाली नाही. तेलात रंग कालवलाय, दुसरं काही नाही."

"श्रद्धा ढळली की लाली उतरते," लालीबुवा म्हणाला.

"श्रद्धा स्पिरिटने उतरते होय?" न्हाव्याने विचारलं.

लोक हसायला लागले. लालीबुवाने बाटल्या गोळा केल्या आणि मागच्या दाराने काढता पाय घेतला.

ताई हसली नाही. ती मटकन खाली बसली. "तुम्ही म्हणालात, इंजेक्शन कायम घ्यावं लागेल," ती नर्सबाईंना म्हणाली. "तो म्हणाला, सात दिवस."

नर्सबाई तिच्याशेजारी बसल्या. "मलाही सात दिवस सांगायला आवडलं असतं हो. पण ते खरं नाही."

तपासणीत ताईचं हिमोग्लोबिन साडेनवावरून सातवर आलेलं निघालं. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. दिवसभर मशीनवर बसता यायला तिला तीन महिने लागले.

रक्त बनवायचा निरोप मूत्रपिंडं हाडांतल्या मगजाला धाडतात. मूत्रपिंडं थकली की निरोप कमी पडतो. इंजेक्शन तोच निरोप पोचवतं. जगभर कोट्यवधी लोकांच्या बाबतीत असा निरोप कमी पडतो आणि कितीतरी जणांना ते कळतही नाही. म्हणून धाप आणि थकवा वयावर ढकलू नका. रक्त तपासून घ्या, मूत्रपिंडं तपासून घ्या. चालू उपचार कुणी थांबवायला सांगितले, तर कारण विचारा. कारण पटेल असं सांगता आलं नाही, तर तिथून उठा.